थोरल्याचा क्यू

माझ्या सासऱ्यांनी नोकरीच्या अडतीस वर्षांत एकदाच मनाचं काम केलं, आणि नेमकं तेवढंच काम गाजलं. तेही त्यांच्या नावावर नाही, तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका कारागिराच्या नावावर. मला हे कळलं ते या घरात येऊन बारा वर्षं झाल्यावर, आणि तेसुद्धा मी नको तिथे भिंग लावलं म्हणून.

सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. ते एका ओतशाळेत आरेखक होते. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि त्यावरून मजकूर छापायचे. ते खिळे जिथे तयार व्हायचे ती ओतशाळा. तिच्या वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या खिडक्यांलगत चौदा टेबलं होती. प्रत्येक टेबलाशी एक माणूस दिवसभर दहा इंच उंचीचं एकच अक्षर काढत बसायचा. मग ते अक्षर यंत्रावर लहान लहान होत जाऊन शेवटी तांदळाच्या दाण्याएवढं व्हायचं. आप्पांचं टेबल शेवटून तिसरं होतं.

मीही तेच काम करते, फक्त कॉम्प्युटरवर. त्यामुळे आमचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यापेक्षा आप्पांनाच जास्त आनंद झाला होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. ‘वाचता आलं म्हणजे झालं’ एवढंच त्याचं अक्षरांबद्दल मत आहे. जेवताना मी आणि आप्पा एखाद्या स्वल्पविरामावर सुरू झालो की सासूबाई म्हणतात, “आधी जेवून घ्या. अक्षरं काही गार होत नाहीत.”

मागच्या वर्षी आमच्या कंपनीकडे एका शब्दकोशवाल्या प्रकाशकाचं काम आलं. त्याला त्याच्या नव्या शब्दकोशासाठी ‘थोरला’ हवा होता.

थोरला हे एका जुन्या रोमन अक्षरवळणाचं धंद्यातलं नाव. खरं नाव लांबलचक आहे आणि ते कुणी घेत नाही. तुम्ही पुस्तकं वाचत असाल तर थोरला तुमच्या डोळ्यांखालून शेकडो वेळा गेला असणार. त्याच्या प्रत्येक अक्षराला टोकाशी बारीक पाय असतात, ज्यांना आम्ही सेरिफ म्हणतो. थोरल्याचे पाय तळाशी किंचित खोलगट आहेत, त्यामुळे ओळ पानावर ठोकून बसवल्यासारखी न वाटता आपणहून उभी राहिल्यासारखी वाटते. मूळ कारागिरानं तो पोलादावर कोरला. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं काही वर्षं कारखाना चालवला, आणि तिच्यामागे जावयानं ते पोलादी ठसे भंगारात घातले. उरली ती फक्त त्या खिळ्यांवर छापलेली पुस्तकं.

पुढे दीडशे वर्षांनी एका छापखानेवाल्याच्या हाती त्यातलं एक पुस्तक लागलं आणि तो त्या अक्षरांच्या प्रेमात पडला. त्यानं नक्कल करवून घेतली, पण कागदावर पसरलेल्या शाईसकट केली. त्यामुळे त्याचा थोरला जरा गुबगुबीत झाला. नंतर आप्पांच्या ओतशाळेनं पुन्हा मुळापासून नक्कल केली. ती इतकी देखणी उतरली की पुढच्या सगळ्यांनी तिचीच नक्कल केली. नवा थोरला आला, बारीक थोरला आला. नाव चोरल्याचा आळ नको म्हणून एकानं आपल्या नकलेला ‘मोठा भाऊ’ असंही नाव दिलं.

“आपल्याला नकलेची नक्कल नकोय,” आमच्या मालकीणबाई मला म्हणाल्या. “प्रकाशकानं अस्सल मागितलाय. थेट पुस्तकापर्यंत जा.”

पुस्तक ठरलेलं होतं. त्या काळी प्रत्येक आकाराची अक्षरं वेगळी कोरावी लागत, आणि मोठ्या आकारातल्या थोरल्यात छापलेलं पुस्तक एकच, फळझाडांच्या निगेवरचं. ओतशाळेनं त्यावरूनच काम केलं होतं. मूळ प्रत आता कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही, कारण ओतशाळा बंद झाली तेव्हा तिचं ग्रंथालय पेट्या-पेट्यांनी विकलं गेलं. पण त्याआधी, ओतशाळेला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यांनी त्या पुस्तकाची हुबेहूब छायाप्रत काढून लोकांना भेट दिली होती. तिची एक प्रत आमच्या कचेरीत होती. शिवाय सल्ल्याला प्राध्यापकबाई होत्या. त्यांचं वय सत्तरीचं आणि थोरल्यावरचा एकमेव जाडजूड ग्रंथ त्यांचा. त्या ग्रंथात तीन पानं नुसत्या कॅपिटल क्यूवर आहेत.

थोरल्याचा क्यू प्रसिद्धच आहे. वरचा गोल अगदी शांत, पण त्याची शेपटी खालून निघते, आधी थोडी डावीकडे जाते, मग वळून पुढच्या अक्षराच्या खालून लांबवर धावते आणि शेवटी टोक हलकेच वर उचलते. कुणी त्याच्या पाट्या केल्या, कुणी तो दंडावर गोंदवून घेतला. बाईंनी लिहिलं होतं की जन्मभर शिस्तीत राहिलेल्या कारागिरानं उतारवयात घेतलेली ही एकमेव मोकळीक.

मी छायाप्रतीची पानं मोठी करकरून बघत होते. जुन्या छपाईत अक्षर ओल्या कागदात दाबलेलं असतं. त्याच्या कडा फुगतात, शाई काठाला जमते, एकाच ओळीतले दोन ‘ई’सुद्धा एकमेकांसारखे नसतात. क्यू पुस्तकभर एकदाच येतो, एका फळाच्या नावाच्या सुरुवातीला, प्रकरणाच्या मथळ्यात. तो मी मोठा केला आणि माझा हात थांबला. कडा सुरीनं कापल्यासारख्या होत्या. कुठे फुगवटा नाही, शाईचा काठ नाही. आणि अक्षराभोवती नखाएवढ्या जागेत कागदाचा रंग जरासा वेगळा.

दोन दिवस मी हे कुणाला बोलले नाही. रविवारी सकाळी आप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसले होते आणि सासूबाई समोर बसून नवऱ्याच्या कामाच्या शर्टाला गुंडी लावत होत्या. मी मोठ्या केलेल्या पानाचा कागद मटारांच्या शेजारी ठेवला.

“आप्पा, हा क्यू बघा जरा. मला हा नंतर चिकटवलेला वाटतोय.”

आप्पांनी बोटं पुसली, चष्मा लावला आणि कागद खिडकीकडे धरला. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. “सांगून टाका आता,” त्या म्हणाल्या. “सुनेच्या डोळ्यांना दिसलंय, आता काय लपवताय.”

“तुम्हाला माहीत आहे, आई?”

“लग्नाआधीपासून.”

आप्पांनी कागद खाली ठेवला. “तिथे भोक होतं,” ते म्हणाले. “कसरीनं खाल्लेलं. पानाच्या बरोबर त्याच जागी.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आरेखन विभागाचे प्रमुख म्हणजे मास्तर. फार कडक माणूस. ते रोज सकाळी चौदा टेबलांमधून फिरायचे आणि म्हणायचे, तुम्ही कलावंत नाही, तुम्ही आरसे आहात. आरशानं स्वतःचं डोकं चालवायचं नसतं. मास्तरांनी अक्षरं वाटून दिली त्यात क्यू आप्पांच्या वाट्याला आला. आप्पांनी पुस्तकाचं ते पान उघडलं तर अक्षराच्या जागी आरपार भोक. गोलाची डावीकडची कमान तेवढी शाबूत होती, आणि बरंच खाली, उजवीकडे, शाईचा एक ठिपका.

“मी विचार केला, ठिपका आहे म्हणजे शेपटी तिथवर पोचत असणार,” आप्पा म्हणाले. “दुसरं काय असणार? मग कमानीपासून त्या ठिपक्यापर्यंत कसं जायचं, एवढाच प्रश्न. सरळ गेलो तर कुबड आल्यासारखं दिसायचं. म्हणून आधी डावीकडे नेली आणि मग सोडली. एकेचाळीस वेळा काढला गं मी तो.”

“आणि मास्तर?”

“गुरुवारी नेऊन दाखवला. त्यांनी खूप वेळ पाहिला. मग विचारलं, पुस्तकात असाच आहे? मी म्हटलं, पुस्तकात जेवढा आहे तेवढा सगळा यात आहे.”

सासूबाई खुदकन हसल्या. हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकलेलं असणार.

“खोटं नव्हतं ते,” आप्पा म्हणाले. “मास्तरांनी सही केली आणि क्यू गेला यंत्रावर.”

गोष्ट तिथेच मिटायची. पण नऊ वर्षांनी छायाप्रत काढताना छपाई खात्यातल्या कुणाला तरी वाटलं की भेट द्यायच्या पुस्तकात भोक बरं दिसत नाही. त्यानं ते भोक बुजवून तिथे ओतशाळेचा क्यू छापून टाकला. म्हणजे आप्पांचाच. आप्पांना हे कळलं ते सगळ्यांबरोबर, प्रती वाटल्या गेल्या तेव्हा.

“तेव्हा तरी बोलायचं ना, आप्पा.”

“मास्तर त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांची सही होती त्या कागदावर. शेवटच्या महिन्यात त्यांना काय सांगणार?” त्यांनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही. “नंतर बाईंचं पुस्तक आलं. ग्रंथालयातून आणलं होतं मी. ती तीन पानं हिनं मला वाचून दाखवली.”

“उतारवयातली मोकळीक वाचून माझ्या पोटात दुखायला लागलं हसून,” सासूबाई म्हणाल्या. “सव्वीस वर्षांचा हा माणूस. केसांना तेल लावून मला भेटायला यायचा.”

मीही हसले, पण मनातून मी अडकले होते. प्रकाशकाला अस्सल हवा होता, आणि अस्सल क्यू कसा होता हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आप्पांचा क्यू तसाच ठेवावा तर मी जाणूनबुजून खोटं करणार. दुसरा काढावा तर तो माझ्या मनाचा. मी सासूबाईंना ही अडचण सांगितली.

“अख्खा शब्दकोश एका अक्षरावर अडणार आहे का?” त्यांनी विचारलं.

“क्यूच्या पानावर अडेल, आई.”

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. फळझाडांचं ते पुस्तक आणखी कुणाकडे आहे का, एवढंच विचारलं. अकरा जणांनी नाही म्हणून कळवलं. बारावं उत्तर एका लहान गावातल्या ग्रंथालयाचं होतं, रेल्वेनं चार तासांवर. तिथली बागकामाची जुनी शाळा बंद झाली तेव्हा तिची पुस्तकं यांच्याकडे आली होती, आणि त्यांची यादी नुकतीच पुरी झाली होती. ग्रंथपालानं लिहिलं होतं की प्रतीला पाणी लागलंय, पानं सुरकुतली आहेत, पण कसर कुठेही नाही.

मी ते पत्र आप्पांना वाचून दाखवलं. मला वाटलं, लगेच निघू म्हणतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“तू जाऊन ये,” ते म्हणाले. “मी आता बघून काय करणार?”

“मला एकटीला काय कळणार आहे?”

“सगळं कळतंय तुला.”

ते घाबरले होते हे मला दिसत होतं, म्हणून मी पुढे बोलले नाही. सासूबाईंनीही शब्द काढला नाही. जायच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी आप्पांचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि डब्यात दोन माणसांचं खाणं भरलं. आप्पांनी शर्टाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दाढी करायला गेले.

गाडीत ते खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्या वाचत होते. एका पाटीवर क्यू होता. त्यांचाच. त्यांनी मला दाखवला नाही, मीही पाहिल्याचं दाखवलं नाही.

ग्रंथालयाच्या वाचनखोलीत दोन लांब टेबलं होती आणि पुस्तकं ठेवायला मऊ उशा. ग्रंथपालानं आमची पेनं काढून घेतली आणि पेन्सिली दिल्या. मग आतून पुस्तक आणून उशीवर ठेवलं. मी पानं उलटत होते. पाण्यामुळे ती कडक झाली होती आणि वळताना बारीक आवाज करत होती. प्रकरण आलं, मथळा आला, आणि मी हात बाजूला घेतला.

क्यूची शेपटी आखूड होती. गोलाच्या तळाशी एक जाडसर, सरळ तुकडा, दार लागू नये म्हणून खाली सारलेल्या पाचरीसारखा. बस, एवढंच.

आप्पांनी खिशातलं भिंग काढलं आणि पानावर वाकले. मी घड्याळ पाहत नव्हते, पण समोरच्या बाकावरचा एक माणूस वर्तमानपत्र संपवून दुसरं घेऊन आला. आप्पांची पाठ माझ्याकडे होती. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. मी उठून त्यांच्या शेजारी गेले तर ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“ठिपका नाहीये,” ते म्हणाले.

“काय?”

“तो शाईचा ठिपका. या प्रतीत तो नाहीच. त्या प्रतीवर माशी बसून गेली असणार गं.” त्यांनी रुमालानं डोळे पुसले. “मी माशीच्या घाणीपर्यंत शेपटी नेली. एकेचाळीस वेळा.”

ग्रंथपालानं आमच्याकडे पाहिलं. मी हातानंच ठीक आहे अशी खूण केली, पण मलाही हसू आवरत नव्हतं.

मग ते पुन्हा वाकले, आणि या वेळी चेहरा वेगळा होता, टेबलाशी कामाला बसलेल्या माणसाचा. “बघ,” ते हळू आवाजात म्हणाले. “शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर गेलेली नाही. बरोबर आतच थांबलीय. शिशाचा खिळा हा. बाहेर लोंबणारा भाग दहा वेळा छापला की मोडतो. माझा क्यू ओतला तेव्हा पहिल्याच वर्षी छापखान्यांच्या तक्रारी आल्या होत्या, शेपट्या तुटतायत म्हणून. शेवटी पुढचं अक्षर जोडूनच एकत्र ओतायला लागले. या माणसाला ते आधीच ठाऊक होतं. त्यानं हात आवरलाय. मी कागदावर काढत होतो, माझं काय मोडणार होतं?”

“आखूड असून बरा दिसतोय,” मी म्हटलं.

“बरा? फार चांगला आहे. जाडी बघ ना कुठे वाढवलीय ती. मला हे सुचलं नसतं.”

“वाईट वाटतंय का, आप्पा?”

त्यांनी भिंग मिटलं. “बावन्न वर्षं मला असं वाटायचं, की मी त्याच्या घरात शिरून त्याच्या खुर्चीत बसलोय आणि लोक मलाच तो समजतायत. त्याची खुर्ची जागच्या जागी आहे की. मी आपला अंगणात बसलो होतो.”

बाहेर ग्रंथालयाच्या पायरीवर बसून आम्ही डबा खाल्ला. आप्पांनी त्यांचा वाटा संपवला आणि माझाही अर्धा.

परत आल्यावर मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो पाहिले, खुर्चीत मागे रेलल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “प्राध्यापकबाईंना कोण सांगणार?” आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाल्या, “तू.”

मी पत्र लिहायला घेतलं होतं. आप्पांनी ते फाडायला लावलं. “त्यांनी तीन पानं लिहिलीत माझ्यावर,” ते म्हणाले. “तोंडानं सांगायला हवं. मी येतो.”

बाईंच्या घरी बसायच्या खुर्च्यांवरही पुस्तकं होती. त्यांनी दोन खुर्च्या मोकळ्या केल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. मी दोन्ही फोटो समोर ठेवले, बुजवलेलं भोक दाखवलं, दुसऱ्या प्रतीतला खरा क्यू दाखवला. मग आप्पांनी आपली हकीगत सांगितली, माशीसकट. काही राखून ठेवलं नाही.

बाईंनी फोटो मांडीवर घेतले. “मी दोन पिढ्यांना हे शिकवलं,” त्या म्हणाल्या. “परीक्षेत विचारायचे मी. क्यूच्या शेपटीवर टीप लिहा.”

“चूक तुमची नाही,” आप्पा म्हणाले. “मी बोलायला हवं होतं.”

“छायाप्रत बघून लिहिलं, मूळ न शोधता. चूक माझीच आहे.” त्या उठल्या. “चहा करते.”

त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. पाणी उकळल्याचा आवाज आला, बंद झाला, तरी त्या आल्या नाहीत. आप्पा आपल्या बुटांकडे बघत बसले होते. मला वाटलं, उठून आत जावं, पण आप्पांनी मानेनंच नको म्हटलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा एका हातात चहाचा ट्रे होता आणि काखेत त्यांचाच ग्रंथ. डोळे जरा लाल होते, पण आवाज नेहमीचा होता.

“एक सांगा,” त्यांनी आप्पांना विचारलं. “तुम्ही तो काढलात तेव्हा तुमचं वय काय?”

“सव्वीस. लग्न नुकतंच ठरलं होतं.”

“म्हणजे मोकळीक होती ते बरोबर. वय तेवढं चुकलं.” त्यांनी ग्रंथ उघडला आणि कानावरची पेन्सिल काढली. “आता नीट सांगा. अजून कुठे कुठे भोकं होती?”

“भोक एकच,” आप्पा म्हणाले. मग ते घुटमळले. “पण प्रश्नचिन्ह मास्तरांचं आहे.”

“म्हणजे?”

“फळझाडांच्या पुस्तकात कुणी काही विचारलेलंच नाही. शेवटच्या पानापर्यंत एक प्रश्न नाही. ओतशाळेला तर प्रश्नचिन्ह हवं होतं. मास्तरांनी एके दिवशी दार लावून घेतलं आणि संध्याकाळी कागद बाहेर आला. आम्हाला म्हणाले, पुस्तकात सापडलं. आम्ही सगळ्यांनी पुस्तक वाचलं होतं. कोण बोलणार?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. चहा गार झाला, तो त्यांनी पुन्हा केला, आणि आम्ही निघालो तेव्हा दिवे लागले होते.

प्रकाशकाकडच्या बैठकीत काही अडचण आली नाही. मला धाकधूक होती, पण तो माणूस शब्दांच्या व्युत्पत्त्या शोधण्यात आयुष्य घालवलेला. एखादी चूक रूढ होऊन शब्द कसा बनतो हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यानं दोन्ही क्यू मागून घेतले. आमच्या नव्या थोरल्यात नेहमीचा क्यू हा कारागिराचा आखूड शेपटीचा आहे, आणि ज्याला हवा त्यानं निवडावा म्हणून आप्पांचा लांब शेपटीचा बाजूला ठेवलाय. शब्दकोशाच्या मजकुरात आखूड लागला. क्यू विभाग सुरू होतो त्या पानावर मात्र प्रकाशकानं आप्पांचा लावला, चांगला वीतभर.

अक्षरांसोबत एक पुस्तिका द्यायची होती, त्यात हा इतिहास मी लिहिला. आप्पांचं नाव घालायचं म्हटल्यावर ते अडून बसले.

“चौदा टेबलं होती,” ते म्हणाले. “माझ्याच एकट्याच्या वाट्याला भोक आलं म्हणून मी मोठा?”

“मग सगळ्यांची घालू.”

त्यांनी वही घेतली आणि पहिल्या खिडकीपासून दारापर्यंत, टेबलांच्या क्रमानं, चौदाही नावं लिहून दिली. एकदाही अडखळले नाहीत. मास्तरांचं नाव सगळ्यात वर लिहिलं आणि त्यापुढे कंसात ‘प्रश्नचिन्ह’. नंतर तो कंस त्यांनी खोडला. पुन्हा लिहिला. तसाच छापला आम्ही.

प्राध्यापकबाईंच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघतेय. क्यूवरची तीन पानं आता नऊ झालीत. दर बुधवारी दुपारी त्या आमच्याकडे येतात. ओतशाळेच्या आरेखनांपैकी नेमकं काय पुस्तकातून आलं आणि काय टेबलावर झालं, याची दोघं मिळून यादी करतायत. स्वयंपाकघरातलं टेबल त्यांच्या कागदांनी भरून जातं. सासूबाई कुरकुर करतात, आणि बुधवारी काहीतरी खास करायला विसरत नाहीत.

परवा ते ‘एम’पर्यंत पोचले. बाईंचं म्हणणं, उजवा पाय ओतशाळेत मुद्दाम रुंद केलाय. आप्पांचं म्हणणं, कागद वाळताना आक्रसला, बाकी कुणी काही केलेलं नाही. अर्धा तास झाला तरी कुणी माघार घ्यायला तयार नव्हतं. शेवटी मी हातातलं काम बाजूला सारलं, त्यांच्यामध्ये खुर्ची ओढली आणि म्हटलं, “सरका जरा, मला बघू द्या.”